याना नोवोत्ना : एका डबल फॉल्टच्या पलीकडची कारकीर्द

कोर्ट_नंबर_दोन

सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंट वारल्या, तेव्हा त्यांच्याविषयीच्या लेखांत एक प्रसंग हमखास येत होता. १९९३ची विम्बल्डन फायनल, बक्षीस घेताना रडू न आवरलेली चेक टेनिसपटू याना नोवोत्ना आणि तिला खांद्याशी धरून उभ्या असलेल्या डचेस. प्रसंग हृद्य आहेच. पण यानाचं नाव निघालं की बोलणं तिथेच येऊन थांबतं, याचा मला मनापासून त्रास होतो.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोर स्टेफी ग्राफ. पहिला सेट टायब्रेकरमध्ये ग्राफने घेतला, दुसरा यानाने ६-१ असा घेतला. तिसऱ्यात याना ४-१ने पुढे, सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. एक पॉइंट मिळाला की ५-१. तिथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून पॉइंट घालवला. तो गेम गेला, त्यामागून उरलेले सगळे गेम गेले आणि ग्राफने सेट ६-४ असा जिंकला.

आता बाकीचं पाहा. एकेरीची २४ विजेतेपदं, दुहेरीची ७६. ग्रँड स्लॅमपुरतं बोलायचं तर महिला दुहेरीत १२, मिश्र दुहेरीत ४ आणि १९९८चं विम्बल्डन एकेरी, म्हणजे एकूण १७. एकेरीच्या क्रमवारीत दुसऱ्या नंबरापर्यंत, दुहेरीत पहिल्या. ऑलिंपिकची तीन पदकं. आणि हे सगळं ग्राफ, सेलेस, सांचेझ, हिंगिस यांच्या काळात.

माझं मत असं की नवरातिलोव्हानंतरच्या पिढीत नेटवर येऊन खेळणारी इतकी परिपूर्ण खेळाडू दुसरी झाली नाही. तिचा तो एका हाताचा स्लाइस बॅकहँड, चेंडू खाली ठेवून त्याच्यामागे धावत येणं, खांद्याच्या उंचीची व्हॉली कोपऱ्यात अलगद टाकणं... तुम्हाला याना कशी आठवते? आणि एका पॉइंटवरून एवढी मोठी कारकीर्द मोजणं बरोबर आहे का?

निवांत_नाशिककर

उत्तम विषय. पक्का स्टेफीभक्त आहे, तरी वाचतोय.

वाईची_सुलभा

आमच्या घरी सगळे स्टेफीचे. शेजारचेही येऊन बसायचे, कारण कॉलनीत केबल मोजक्याच घरी होती. त्या दिवशी स्टेफी मागे पडली तशी खोलीत कुणी बोलेना. मग फासे फिरले आणि ती जिंकली, पण आनंद करायचं कुणाला सुचलं नाही. सासूबाईंना टेनिसमधलं काही कळत नसे, त्या फक्त माणसं बघायच्या. यानाचं रडणं पाहून त्यांनी विचारलं, "अगं, हिची आई कुठंय?" मग पडद्यावर त्या डचेसबाई तिला धरून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढे पाच वर्षांनी ती जिंकली, तेव्हा सासूबाईंनी तिला बरोबर ओळखलं. "ही तीच ना?" म्हणाल्या. नाव शेवटपर्यंत त्यांना माहीत नव्हतं.

फोरहँड_फडके

भावनांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. खेळाडूची परीक्षा मोठ्या क्षणी होते. १९९३ हा एकच प्रसंग असता तर गोष्ट वेगळी. १९९५च्या फ्रेंच ओपनला चंदा रुबिनविरुद्ध काय झालं? तिसऱ्या सेटमध्ये याना ५-०ने पुढे, सहाव्या गेममध्येही ४०-०. एकूण नऊ मॅच पॉइंट मिळाले. एकही साधला नाही आणि सेट ८-६ने गेला. हे दुर्दैव नाही, ही सवय आहे. दुहेरीतली विजेतेपदं कितीही सांगा, दुहेरीत शेजारी कुणीतरी उभं असतं. एकटीवर वेळ आली की काय होतं, तो खरा प्रश्न.

आकडे मलाही मान्य आहेत. तिला ग्राफ-सेलेसच्या रांगेत बसवू नका, एवढंच म्हणणं आहे.

कोर्ट_नंबर_दोन

फडके, त्या रांगेत बसवा असं मी कुठे म्हटलंय? २२ ग्रँड स्लॅमवालीच्या रांगेत बसणाऱ्या जगातच किती आहेत!

पण 'सवय' म्हणालात म्हणून सांगतो. १९९१ची ऑस्ट्रेलियन ओपन. तिथे ग्राफ सलग तीन वर्षांची विजेती. उपांत्यपूर्व फेरीत याना पहिला सेट ५-७ हरली, दुसरा ६-४ जिंकली आणि तिसरा ८-६ असा खेचून आणला. जिला एकटीवर वेळ आली की जमत नाही, ती मेलबर्नच्या उन्हात ग्राफला ८-६ने कशी हरवते? पुढे फायनललाही पोचली, सेलेसविरुद्ध पहिला सेट घेतला आणि मग हरली.

आणि १९९७चं वर्षअखेरचं अजिंक्यपद, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्या काळात तिथली महिलांची फायनल पाच सेटांपैकी तीन अशी असायची. यानाने मेरी पिअर्सला ७-६, ६-२, ६-३ असं सरळ तीन सेटमध्ये हरवलं. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या स्पर्धेतली ही फायनल.

स्टेफीची_चाहती

त्या १९९३च्या सामन्यात ग्राफने काहीच केलं नाही असा सूर नेहमी लागतो, तो मला पटत नाही. १-४ असताना स्टेफी एकदाही घाईत दिसली नाही. प्रत्येक चेंडू आत टाकत राहिली आणि समोरच्या मुलीला आणखी एक फटका खेळायला लावत राहिली. यानाकडून चुका झाल्या, कारण पलीकडची बाई आयता पॉइंट द्यायला तयार नव्हती. त्या फायनलआधी यानाने साबातिनी आणि नवरातिलोव्हा या दोघींनाही एकही सेट न गमावता हरवलं होतं. म्हणजे ती किती भरात होती बघा. अशा खेळाडूविरुद्ध परत येण्याचं श्रेय विजेतीला द्यायलाच हवं.

भटक्या_मिरजकर

१९९३चा विषय निघालाय तर सेलेसही आठवणारच. त्याच वर्षी ३० एप्रिलला हॅम्बुर्गमध्ये भर सामन्यात तिच्या पाठीत सुरा खुपसला गेला. ती असती तर फायनलच वेगळी झाली असती.

निवांत_नाशिककर

मिरजकर, सेलेससाठी वेगळा धागा काढा. तो विषय इथे आला की पाचशे प्रतिसाद होतील आणि यानाचं पुन्हा राहून जाईल. तसंही विम्बल्डन सेलेस कधी जिंकली नाही. १९९२च्या विम्बल्डन फायनलला ग्राफने तिला ६-२, ६-१ हरवलं होतं.

भटक्या_मिरजकर

मान्य. धागा काढतो, पण आधी मोदकांचं पीठ मळून येतो, घरात हाका सुरू झाल्यात.

डेक्कनचा_बाळू

मी गेली बरीच वर्षं पुण्यात मुलामुलींना टेनिस शिकवतो. त्या डबल फॉल्टबद्दल खेळाच्या अंगाने थोडं लिहितो, कारण 'घाबरली' म्हणून विषय संपवणं मला बरोबर वाटत नाही.

बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या मुलीची पहिली सर्व्हिस चुकली, तर ती दुसरी सर्व्हिस हळू, फिरकी देऊन आत ढकलू शकते. समोरून जोरात परत आली तरी ती मागे उभी असते, तिच्याकडे वेळ असतो. यानाची गोष्ट वेगळी. तिचा सगळा डाव सर्व्हिसच्या मागे नेटवर जाण्याचा. दुसरी सर्व्हिस मिळमिळीत टाकली तर ग्राफचा फोरहँड ती अर्ध्यावर असतानाच तिच्या पायाशी किंवा बाजूने निघून जाणार. म्हणून तिला दुसरी सर्व्हिससुद्धा खोल, वजनदार आणि जागेवर टाकावी लागायची. प्रत्येक दुसऱ्या सर्व्हिसला जोखीम घ्यायची आणि वर धावायचं. नेटवरच्या खेळाडूच्या कारकिर्दीत डबल फॉल्ट जास्त दिसतात, त्यामागे हे साधं कारण आहे.

त्यात ताण. ताण आला की पहिल्यांदा बिघडतो तो चेंडू वर उडवणारा हात. चेंडू थोडा खाली किंवा थोडा मागे पडतो, खांदा पूर्ण उघडत नाही, मनगट घाई करतं. फटका मारणारा हात तोच असतो, पण चेंडू नेहमीच्या जागी नसतो. एकदा असं झालं की पुढच्या वेळी खेळाडू त्या हाताचा विचार करायला लागतो. जी क्रिया हजारो वेळा विचार न करता झालेली असते तिचा विचार सुरू झाला की ती मोडते. ४-१ला आघाडीवर असतानाच हे का होतं? कारण मागे असताना हरवण्यासारखं काही नसतं. पुढे असताना असतं.

फडकेसाहेबांचं 'एकटीवर वेळ आली की' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. दुहेरीतसुद्धा सर्व्हिस एकटीलाच करावी लागते. आणि समोर दोन जणी असल्यामुळे ती आणखी अचूक लागते.

अक्षता_टेनिस

बाळूसर, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. माझी मुलगी १३ वर्षांची आहे आणि जिल्हा स्पर्धांत खेळते. पुढे असताना तिची सर्व्हिस हमखास बिघडते. यावर काय करायचं?

डेक्कनचा_बाळू

अक्षताताई, तिला 'घाबरू नकोस' असं सांगू नका, त्याने भीती पक्की होते. सरावात मुद्दाम ४-१ आणि ४०-३० असा गुण धरून खेळायला लावा आणि दुसरी सर्व्हिस पूर्ण जोराने, भरपूर फिरकी देऊन टाकायला सांगा. बाहेर गेली तरी बोलू नका. अर्धवट हात फिरवला तर मात्र थांबवा. सर्व्हिसच्या आधी चेंडू टप्पे देण्याचा ठरावीक क्रम ठेवायला लावा. हात पूर्ण फिरण्याची सवय लागली की ताणातही चेंडू बऱ्यापैकी आत राहतो.

कॅलिफोर्नियाचा_केशव

मी त्या काळात कॉलेजात होतो आणि मला याना दुहेरीमुळे आवडायची. १९९०ला ती आणि हेलेना सुकोव्हा यांनी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन अशा तिन्ही दुहेरी जिंकल्या, आणि चारही पूर्ण व्हायच्या तर अमेरिकन फायनलला हरल्या. मग १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं विम्बल्डन दुहेरीची फायनल ती हरली. जोडीदार तीन वेगवेगळ्या, निकाल एकच. १९९३ला एकेरीची फायनल हातातून गेलीच, दुहेरीचीही गेली. तरी १९९५ला आरांचा सांचेझबरोबर परत येऊन तीच स्पर्धा जिंकली. मला तिची जिद्द या ओळीत दिसते. चार फायनल हरल्यावर पाचव्यांदा त्याच कोर्टवर येणं सोपं नसतं.

वाईची_सुलभा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. दुहेरीचे सामने आम्हाला दाखवतच नसत.

फोरहँड_फडके

दाखवत नसत, कारण बघणारे कमी. मोठ्या एकेरीच्या खेळाडू दुहेरीत पूर्ण जीव ओतत नाहीत. म्हणून दुहेरीचं ग्रँड स्लॅम आणि एकेरीचं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्हींची बेरीज करून १७ म्हणणं मला गैर वाटतं.

सानियाची_शाळा

फडके, आपल्याकडे हा मुद्दा जपून मांडावा. सानिया मिर्झा एकेरीत २७व्या नंबरापर्यंत गेली, पण आपण तिला आठवतो ती सहा ग्रँड स्लॅमसाठी, आणि ती सगळी दुहेरी किंवा मिश्र दुहेरीतली आहेत. लिअँडर आणि भूपतीचंही तेच. दुहेरी दुय्यम म्हटली तर भारतीय टेनिसचा अर्धा इतिहास पुसावा लागेल.

आणि गंमत बघा, यानाची १९९८ची जोडीदार मार्टिना हिंगिस हीच २०१५ला सानियाची जोडीदार झाली. त्या वर्षी दोघींनी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन. यानाबरोबर हिंगिसने १९९८ला फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन जिंकल्या. ऑस्ट्रेलियन तिने आधीच मिर्याना लुचिचबरोबर जिंकली होती, त्यामुळे हिंगिसची एका वर्षात चारही दुहेरी पूर्ण झाली. यानासारखी जोडीदार लाभली नसती तर ते झालं असतं का, शंकाच आहे.

स्टेफीची_चाहती

आणि त्याच १९९८च्या विम्बल्डनला एकेरीच्या उपांत्य फेरीत यानाने हिंगिसला ६-४, ६-४ हरवलं होतं! एकेरीत जिला स्पर्धेबाहेर काढायचं, दुहेरीत तिच्याच शेजारी उभं राहून जिंकायचं. मला हे भारी वाटतं.

निवांत_नाशिककर

आमच्या कॅरममध्ये असं झालं असतं तर दुहेरीच्या डावाला दोघांपैकी एक जण आलाच नसता.

अवधूत_अभ्यंकर

अवांतर: अटलांटा १९९६मध्ये लिअँडरने फर्नांडो मेलिगेनीला हरवून ब्राँझ मिळवलं, तेव्हा आपल्याकडे कोण जल्लोष झाला होता. त्याच स्पर्धेत महिला एकेरीचं ब्राँझ यानाचं होतं. मेरी जो फर्नांडेझला हरवून. त्याशिवाय सुकोव्हाबरोबर दुहेरीचं रौप्यही. आठ वर्षांपूर्वी सोलमध्येही दोघींना दुहेरीचं रौप्यच मिळालं होतं. लिअँडरच्या पदकाचा इतिहास आम्हाला पाठ आहे आणि त्याच रंगाचं पदक घेणारी ही मात्र रडलेली बाई म्हणून लक्षात. धागाकर्त्याचं म्हणणं त्यामुळे पटतं.

गार्गी_ब्रनोहून

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं ब्रनोमध्ये राहते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. याना इथलीच, २ ऑक्टोबर १९६८चा जन्म. प्रागनंतरचं देशातलं दुसरं मोठं शहर, पण स्वभावाने निवांत. टेनिसचं वेड मात्र जबर. साध्या वस्तीतही लाल मातीची कोर्टं दिसतात आणि आजी-आजोबा वयाची माणसं दुहेरी खेळत असतात.

बाहेरून बघताना एक गोष्ट लक्षात येत नाही. चेक टेनिसमध्ये एक पिढी पुढच्या पिढीला हाताला धरून शिकवते. यानाची प्रशिक्षक होती हाना मांडलिकोव्हा, स्वतः चार ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली. पण विम्बल्डन तिलाही कधी मिळालं नाही, १९८१ आणि १९८६ अशा दोन फायनल हरली. १९९८ला यानाने ताट उचललं तेव्हा तिच्या बाजूने बसलेल्या मांडलिकोव्हाचंही काहीतरी पूर्ण झालं असणार असं मला वाटतं.

आणि यानाने पुढे काय केलं? बार्बोरा क्रेइचिकोव्हा ही याच शहरातली. ज्युनिअर स्पर्धा संपल्यावर पुढे काय करावं हे तिला कळत नव्हतं. आईवडिलांबरोबर, हातात पत्र घेऊन ती यानाच्या दारात गेली. ओळख नव्हती, वशिला नव्हता. यानाने तिचा खेळ पाहिला आणि तिला शिकवायला लागली. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये याना कर्करोगाने गेली, फक्त ४९ वर्षांची होती. आजारपणातही बार्बोरा तिच्या जवळ होती. खेळाचा आनंद घे आणि एक ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर, असं यानाने तिला सांगितलं होतं. २०२१ला बार्बोराने फ्रेंच ओपनची एकेरी जिंकली आणि त्याच आठवड्यात दुहेरीही. तिने यानाचंच नाव घेतलं.

वाईची_सुलभा

गार्गी, वाचून डोळे भरून आले गं. कुणाच्या तरी दारात पत्र घेऊन उभं राहायला केवढं धाडस लागलं असेल त्या मुलीला.

कोर्ट_नंबर_दोन

गार्गी, तुझ्या प्रतिसादासाठी तरी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. पुढचं मी जोडतो. २०२४ला क्रेइचिकोव्हाने विम्बल्डनही जिंकलं, जास्मिन पाओलिनीला ६-२, २-६, ६-४ हरवून. नंतर तिला क्लबमधला विजेत्यांच्या नावांचा फलक दाखवला. त्यावर यानाचं नाव आहे आणि आता आपलंही तिथे आलं, हे बघून तिला रडू कोसळलं.

अक्षता_टेनिस

क्रेइचिकोव्हाचा खेळ बघताना मला नेहमी जुन्या टेनिसची आठवण व्हायची. स्लाइस, ड्रॉप, मध्येच नेटवर येणं. आता कळलं कुठून आलं ते.

कॅलिफोर्नियाचा_केशव

पण तिच्यासारख्या आता मोजक्याच. सर्व्ह-अँड-व्हॉली, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटवर धावायची पद्धत संपली, यामागे खेळाडूंइतकंच हिरवळीचं कारण आहे. २००१पासून विम्बल्डनने पूर्ण राय गवत लावायला सुरुवात केली. त्याआधी त्यात फेस्क्यू नावाचं दुसरं गवत मिसळलेलं असायचं. नवं गवत टिकाऊ आणि खालची जमीन जास्त कडक, त्यामुळे चेंडूला उसळी जास्त आणि सरळ मिळते. पूर्वी स्लाइस टाकला की चेंडू गवतावरून सरपटत जायचा आणि समोरचीला खाली वाकून उचलावा लागायचा. ती वाकली की इकडची नेटवर. तो फायदा कमी झाला. त्यात रॅकेटच्या नव्या तारांमुळे मागून मारलेल्या फटक्यांना इतकी फिरकी मिळते की नेटवर उभं राहणाऱ्याची फजिती होते. यानाचा खेळ आज जशाच्या तसा चालला नसता. मला तिची किंमत त्यामुळे उलट जास्त वाटते.

डेक्कनचा_बाळू

केशव, गवताचा मुद्दा बरोबर. एक भर घालतो. १९९८च्या फायनलमध्ये समोर नाताली तोझिया होती. लांग्लेननंतर, म्हणजे १९२५नंतर विम्बल्डनच्या एकेरी फायनलला आलेली ती पहिलीच फ्रेंच महिला, आणि तीही नेटवर येऊन खेळणारी. दोघींचाही खेळ पुढे येण्याचा. त्या जातीची महिला फायनल त्यानंतर फारशी बघायला मिळाली नाही. आमच्याकडच्या मुलींना मी तो सामना दाखवतो, कारण व्हॉलीसाठी पाय कसे हलवायचे हे बेसलाइनवरच्या सामन्यांतून शिकताच येत नाही.

फोरहँड_फडके

मूळ प्रश्नाकडे येतो. गार्गी यांनी सांगितलेलं मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रशिक्षक म्हणून ती किती चांगली हा एक विषय आणि एकेरीची खेळाडू म्हणून कुठे हा दुसरा. माझ्या मते ती आपल्या काळातली पहिल्या पाचातली एकेरीची खेळाडू, आणि दुहेरीत तर पहिल्या दोनांत. रुबिनविरुद्धचा सामना मात्र मी विसरू शकत नाही.

कोर्ट_नंबर_दोन

विसरा असं नाही म्हणत फडके. तो सामना तिच्या कारकिर्दीचा भागच आहे. मला सांगायचंय ते १९९३, १९९७ आणि १९९८ एका ओळीत ठेवून बघा म्हणून. १९९३ला ग्राफविरुद्ध हातातली फायनल गेली. १९९७ला हिंगिसविरुद्ध पहिला सेट ६-२ जिंकून फायनल गेली. हिंगिस तेव्हा १६ वर्षांची होती. डचेसनी तेव्हाही तिला धीर दिला. आणि १९९८ला ती पुन्हा आली. उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्सला ७-५, ७-६ हरवलं, मग हिंगिस, मग तोझिया. फायनल ६-४, ७-६. दुसरा सेट टायब्रेकरला गेला तेव्हा माझ्यासकट सगळ्यांना १९९३ आठवलं असेल, तिला तर नक्कीच. तो टायब्रेकर तिने ७-२ने जिंकला. वय २९ वर्षं ९ महिने. पहिलं ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती खुल्या युगातली तोवरची सर्वांत मोठ्या वयाची महिला होती. पुढे स्किआव्होने आणि नंतर पेन्नेत्ता यांनी ते मागे टाकलं.

ज्या मुलीला 'मोठ्या क्षणी जमत नाही' असं साऱ्या जगाने पाच वर्षं ऐकवलं, तिने जगातल्या सर्वांत मोठ्या कोर्टवर टायब्रेकर ७-२ घेतला. माझ्यासाठी तिची ओळख हा टायब्रेकर आहे.

स्टेफीची_चाहती

+१. आणि हे स्टेफीची चाहती म्हणतेय.

फोरहँड_फडके

टायब्रेकरचं मान्य. १७ची बेरीज अजून मान्य नाही.

सानियाची_शाळा

फडके, मग सानियाच्या धाग्यावर भेटूच. तिथे बेरजेचा निकाल लावू.

गार्गी_ब्रनोहून

एक सुचवू का? हेलेना सुकोव्हावर कुणीच लिहीत नाही. आई वेरा सुकोव्हा १९६२च्या विम्बल्डन फायनलला खेळलेली, मुलगी एकेरीच्या चार ग्रँड स्लॅम फायनल खेळली आणि चारही हरली, पण दुहेरीत अफाट जिंकली. शिवाय यानाची दोन्ही ऑलिंपिक रौप्यपदकं तिच्याबरोबरची. केशव, तुम्ही त्या दोघींचे १९९०चे सामने पाहिले आहेत, तुम्हीच लिहा.

कॅलिफोर्नियाचा_केशव

लिहितो. १९९०च्या विम्बल्डन दुहेरीपासून सुरुवात करतो, म्हणजे फडकेही येतील भांडायला.